घंटेची गोष्ट कुणी सांगितली?

शिंप्याच्या मोठ्या मुलीला मी तीन वर्षं इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, वाक्प्रचारांमागच्या गोष्टी सांगितल्या. 'सेव्ह्ड बाय द बेल', म्हणजे ऐन वेळी वाचणं, आलं की मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचो. जुन्या काळी माणसं चुकून जिवंत पुरली जात, म्हणून मेलेल्याच्या बोटाला दोरी बांधत, दोरीचं दुसरं टोक वर घंटेला. घंटा वाजली की माणूस वाचला! पोरं श्वास रोखून ऐकायची. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ऐकलेली. त्यातला कंदीलवाला म्हातारा राखणदार मात्र माझ्या पदरचा.

ती मुलगी बापाच्या मशीनशेजारी बसून, काजं-बटणं करत शिकली. बोलायला फटकळ, कुणाचं ऐकून घेणार नाही. पण माझा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. शिक्षिकेची पदवी घेऊन ती आमच्याच शाळेत जागेसाठी आली. तोवर मी निवड समितीत जाऊन बसलो होतो. आमच्यासमोर तिला नमुना पाठ घ्यायचा होता. तिने उठून खिडक्या लावल्या.

राखणदारासकट सगळी गोष्ट तिने सांगितली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला.

"अहो, हे मुष्टियुद्धातलं आहे. हरायला आलेला गडी फेरी संपल्याच्या घंटेमुळे वाचतो, ते. थडग्याच्या घंटेवरून हे आल्याचा पुरावा काही सापडलेला नाही. तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. 'बाई, तो राखणदार माझा,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण शेजारी मुख्याध्यापक, आणि माझी तीस वर्षांची अब्रू. मी मान खाली घालून पेनाचं टोपण घट्ट करत राहिलो.

"कुठेतरी वाचली असेल," ती म्हणाली.

गुणांच्या कागदावर मी 'विषयज्ञान कच्चे' असं लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण लिहिलं. जागा दुसरीला मिळाली.

आता ती दुकानामागच्या खोलीत शिकवण्या घेते. दोन वर्षं मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. परवा पँटची उंची कमी करायची होती, दुसरं दुकान बंद, म्हणून गेलो. शिंपी लगबगीनं उठला, खुर्ची पुसून म्हणाला, "बसा सर, तुमचं काम आधी." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून तिचा आवाज येत होता. तीच घंटा, तीच दोरी. राखणदार नव्हता.

"पण या गोष्टीला पुरावा नाही बरं का. मुष्टियुद्धातून आलं असं जाणकार म्हणतात. तेही डोळे झाकून मान्य करू नका, शब्दकोश उघडून बघा. आमचे सर नेहमी सांगायचे, कुणी छातीठोक बोलायला लागलं की आधी विचारायचं, कशावरून?"

शिंप्यानं मशीन थांबवलं आणि कौतुकानं माझ्याकडे बघून हसला.

असं मी उभ्या जन्मात कधी म्हणालो नव्हतो.