दातात धरलेली शिशाची तार

अश्विनचं उजवं मनगट आठवडाभर लोंबत होतं आणि सुवर्णाची नजर तिथून हलत नव्हती. सकाळी त्याच्या हातून चहाचा कप सुटला. "झोपेत हात दबला असेल, आई," तो म्हणाला. रोज कुणाचा हात दबतो?

अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. पूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात होता. तिथे मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने त्याला सुट्टीत गंगापूर धरणावर नेऊन पिसांच्या खोट्या माशीने मासे धरायला शिकवलं आणि जाताना आपली गळाची लवचिक काठी देऊन टाकली. गळाला आधी शिशाची तार गुंडाळायची, वर कोंबड्याची पिसं बांधायची. ही जड माशी बुडते आणि ओढली की पिटुकल्या माशासारखी पळते. मरळ तिच्यावर झडप घालतो.

धरणावर जाळं टाकणारा झुंबर हसायचा. "आमी गळाला कणीक लावतो अन् भाऊ मुंडावळ्या बांधतो. लगीन लावतो का माशाचं?"

"तुझ्या कणकेला मरळ येतो का?"

"नाय येत. पन उरली तं चपाती व्हते. पिसांचं काय करतो?"

नव्व्याण्णव साली कारखाना बंद पडला. अश्विन दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी सुवर्णानेच पंचवटीतल्या कोंबडीवाल्याकडून पिसं आणली, झुंबरकडून जुन्या जाळ्याच्या वजनांचं शिसं मागून आणलं. अश्विन उठून बसला. शिसं ठोकून पातळ करायचा, त्याची तार कापायचा. दोन्ही हात गळात नि दोऱ्यात गुंतलेले, म्हणून तारेचं टोक दातात धरून ताणायचा आणि तसाच गुणगुणायचा. ते गुणगुणणं थांबू नये म्हणून ती चहा ठेवून, पाऊल न वाजवता मागे फिरायची.

मग पोटात कळा येऊ लागल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना त्याने पित्त म्हणून सांगितलं, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. आता हा हात.

आज दुपारी खोली झाडताना तिला तारेचा तुकडा सापडला. टोकाला दातांच्या खुणा. ती रसायनशास्त्राची बी.एस्सी. शिसं पोटात गेलं की विष होतं, ते हाताळलं की हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे कॉलेजात बाईंनी दहादा बजावलं होतं. तीन वर्षं ती त्याच्या दातांकडे बघत होती आणि तिला नुसतं गुणगुणणं ऐकू येत होतं.

तिने तुकडा त्याच्यासमोर धरला, सगळं सांगितलं.

"म्हणजे शिसं बंद?"

"बंद."

"बिनशिशाची माशी वरच राहते, आई. मरळ खाली असतो." त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. "तसंही काठी धरवत नाहीये." आणि तो भिंतीकडे वळला.

ही पाठ ती ओळखत होती. पण डॉक्टरीणबाईंना शिशाचं अजून कुणी सांगितलंच नव्हतं; कळलं तर उपाय तरी होईल. त्या आधी हेच विचारतील, शिसं घरात आणलं कुणी?

त्या दवाखान्यात पाचला येतात. पाचला दहा मिनिटं कमी होती. डायरीतला नंबर काढून सुवर्णा फोनपाशी स्टूल ओढून बसली.