गाडीचा नमस्कार

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर आपली गाडी कान उघडताना बघून तुम्ही हसलात. त्यामागे काय काय घडलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

नवी गाडी घरी आली तेव्हा आजोबांनी तिची पूजा केली आणि किल्ली देव्हाऱ्यात देवीपुढे ठेवली. तेव्हापासून तिची जागा तीच. किल्ली कसली, काळा रिमोट. तो पर्समध्ये असला की दाराचं बटण दाबताच गाडी उघडते. गाडी मी चालवते आणि आजोबा शेजारी बसून रस्त्यावरच्या सगळ्यांना शिकवतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले. त्यांना त्यांच्या भावाकडे कागलला न्यायचं, मला मैत्रिणींकडे जायचं, सगळं कुणाची वाट न बघता.

अडचण एकच. रिमोटमधला बटणासारखा गोल सेल टिकेना. बदलला की काही महिन्यांत पुन्हा संपायचा. आधी मला वाटलं, सेल हलका आणला असेल. मग चांगला आणला, तरी तेच. मग आजोबांवर संशय घेतला. त्यांना घराचं कुलूप लावल्यावर ओढून ओढून बघायची सवय, तसंच ते सज्जातून रिमोट दाबत बसायचे, गाडी बंद आहे ना म्हणून. ते मी थांबवलं. तरी सेल संपलाच, आणि तोही हुपरीत.

तुझ्यासाठी, माझ्या छोटीसाठी, पैंजण आणायला आम्ही हुपरीला गेलो होतो. दुकानातून बाहेर आलो तर गाडी उघडेना. आजोबा दाराशी झटापट करू लागले, तशी चार माणसं जमली. एकानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "पावणं, गाडी तुमचीच हाय न्हवं?"

मी रिमोटच्या पोटातली बारकी किल्ली काढली आणि दार उघडलं. त्यासरशी गाडी बोंबलायला लागली, आणि चाराची दहा माणसं झाली. मग रिमोट गाडी सुरू करायच्या बटणाला टेकवून धरला, तेव्हा कुठं ती गप्प झाली आणि इंजिन लागलं. पुस्तिकेत हे दिलेलं असतं. मी ती वाचताना आजोबा म्हणाले होते, गाडी चालवायची आहे की परीक्षा द्यायची आहे?

हा प्रसंग त्यांनी त्या संध्याकाळी तुमच्या बाबांना फोनवर रंगवून सांगितला. बाबा हसले नाहीत. फोन मला द्यायला सांगून ते म्हणाले, "आई, पुन्हा एकदा असं झालं की गाडी विकायची. रिक्षानं फिरा." ते काळजीनं बोलत होते हे मला कळत होतं. पण फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. आपण गोष्ट जरा जास्तच रंगवली, हे आजोबांच्या ध्यानात आलं होतं.

काही दिवसांनी सकाळी मी पोर्चमध्ये जास्वंदीची फुलं काढत होते. आत आजोबांची पूजा चालली होती, घंटा ऐकू येत होती. एवढ्यात बंद गाडीनं मिटलेले दोन्ही आरसे कानांसारखे उघडले आणि दिवे लावले. मी दचकले. आत जाऊन त्यांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "रोजच करती ती. देवीला नमस्कार घालती."

त्यांनी खिडकीतून हे कितीदा तरी पाहिलं होतं. किल्ली पुसून, कुंकू लावून परत देव्हाऱ्यात ठेवली की गाडी नमस्कार करते, असं ते धरून चालले होते. मला मात्र त्या क्षणी उलगडा झाला. देव्हाऱ्यामागची भिंत पोर्चची आहे. भिंतीच्या एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला गाडी. दोघी हातभर अंतरावर. गाडी किल्ली जवळ आहे का म्हणून सारखी बिनतारी हाक मारणार आणि किल्ली सारखी ओ देणार. वर्गात शेजारी बसवलेल्या दोन बडबड्या मुलींसारखं. सेल टिकणार कसा?

मी म्हटलं, "अहो, किल्ली मागच्या खोलीत ठेवूया."

"लक्ष्मी हाय ती घरची. देवीपुढनं उचलायची न्हाय."

"मग गाडी विकली तर देवीपुढे काय ठेवाल?"

यावर ते खिडकीतून गाडीकडे बघायला लागले. मग स्वतःच म्हणाले, "मास्तरीणबाई, दुसरा काहीतरी उपाय बघा की."

माझ्याकडे आईची घट्ट झाकणाची पितळी डबी होती, एके काळी कुंकवाची. किल्ली तिच्यात ठेवून झाकण लावलं आणि डबी घेऊन गाडीपाशी गेलो. आजोबांनी दाराचं बटण दाबलं. काही नाही. आरसे मिटलेले ते मिटलेलेच. धातूच्या डबीत गाडीची हाक पोचतच नव्हती. मी खूश झाले, पण आजोबांचं तोंड उतरलं.

"मग आता नमस्कार न्हाय व्हय?"

शेवटी तडजोड झाली. डबी देवीपुढेच राहील. रोज पूजेत किल्ली एकदा बाहेर काढायची, गाडीचा नमस्कार झाला की लगेच झाकण. एकदाच. ते हा नियम पाळतात. अधूनमधून दोनदा झाला तर मी फुलं काढण्यात गुंग असते.

हुपरीहून आल्यावर घातलेला सेल अजून चालू आहे. त्यानंतर दिवाळीही येऊन गेली, एवढा तो कधीच टिकला नव्हता. रविवारी बाबांनी गाडीचं काय ठरवलं म्हणून विचारलं, तेव्हा मी फोन घेऊन पोर्चमध्ये आले आणि आजोबांना आतून झाकण उघडायला सांगितलं. पुढचं तुम्ही पाहिलंतच. तुमच्या हसण्यात बाबा काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, पण "विका" हा शब्द त्यात नव्हता.

डबी कितीही घासली तरी कोपऱ्यात जुनं कुंकू राहिलंच आहे. ते किल्लीवरून माझ्या हाताला लागतं, आणि आमच्या स्टिअरिंगवर नेहमी लाल बोटं उमटलेली असतात. काल कागलहून निघताना आजोबांनी ती रुमालानं पुसायला घेतली. मी म्हटलं, राहू द्या.