मामीची काठी, डॉक्टरांचं शीड

जगातली प्रत्येक वस्तू वाकण्यासाठीच जन्माला आली आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात एकच, आणि तो माझा सख्खा मामा. तीस वर्षं मुंबईत त्यानं होड्यांची शिडं शिवली, पण स्वतः होडीत कधी पाय ठेवला नाही. आता डोंगरातल्या घरी बसून शिडाच्या पट्ट्या दुरुस्त करतो. शीड ताठ राहावं म्हणून त्यावर शिवलेल्या खिशांत या लांब, लवचिक पट्ट्या सरकवतात. मामाला त्यांचं इतकं वेड, की माझ्या लग्नात त्यानं सासऱ्यांची काठी गुडघ्यावर वाकवून पाहिली आणि "मधीच कडक हाय" म्हणून परत दिली! मामा दिसला की सासरे अजून काठी पाठीमागे लपवतात.

पूर्वी गिऱ्हाइकं पुष्कळ होती. हळूहळू सगळ्यांनी परदेशी पट्ट्या घेतल्या, उरले मुंबईचे एक डॉक्टर. गेल्या थंडीत त्यांची सर्वांत लांब पट्टी मोडली. तुकडे एसटीनं आले, मागोमाग फोन आला, "शनिवारी बाणकोटहून गोव्याला निघतोय. या वेळी मोडली तर मात्र मीही नव्याच घेईन." मामाचं तोंड एवढंसं झालं. हे काम गेलं तर त्यानं दिवसभर करायचं काय? त्यात जोडाला बांबू हवा, आणि तो तोडायचा अंधाऱ्या पंधरवड्यातच, नाहीतर कीड लागते. चांदणं तर नुकतं कुठं वाढू लागलेलं.

"मामा, एकदा चांदण्यात तोडला तर चालेल," मी म्हटलं.

"तुला चालंल रे. पट्टीला नाय चालायचं."

त्यानं सरळ चुलीवरची, दहा वर्षं धूर खाऊन कीड न लागलेली, कपडे वाळवायची बांबूची काठी उतरवली. मामी कडाडली, "आता लुगडी काय डॉक्टरच्या शिडावर वाळत घालू?" मामा कसला ऐकतोय! काठी चिरून पातळ कामट्या काढून त्यानं मोडलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, टोकं निमुळती तासली, वरून दोरा आवळला. तीन दिवस पट्टी गुडघ्यावर वाकवत बसला.

शनिवारी बाणकोटच्या धक्क्यावर पट्टी शिडात गेली, तरी मामाचा हात सुटेना. डॉक्टर हसले, "एवढी काळजी आहे तर चला खाडीच्या तोंडापर्यंत!" आणि काय सांगू, मामा चढला! वारा भरला, शीड अलगद फुगलं. मी आणि मामी देवाचं नाव घेत उभे.

तासाभरानं होडी परतली. डॉक्टर लांबूनच ओरडले, "बाकीच्या चारही अशाच करून द्या!"

"कसा हाय समुद्र?" मामीनं विचारलं.

मामा ओशाळला. "वर पट्टीकडंच बघत होतो गो. समुद्र बघायचा ऱ्हायला."

जन्म डोंगरात काढलेली मामी क्षणभर पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपंला मला न्या. तुम्ही वर बघा, समुद्र मी बघते."