राब भिजला त्या वर्षी

मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, राहते डहाणूत आणि माझं माहेर सायवनचं. या तीन गावांमध्ये माझ्या स्कूटरने किती पेट्रोल जाळलं, याचा हिशोब मी कधी मांडला नाही. आईच्या राबाचा मात्र दरवर्षी मांडला.

राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. तिच्यावर शेण, पाला, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती भुरभुरायची आणि पावसाळ्याआधी ते सगळं मंद भाजायचं. त्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, रोप उपटताना मूळ तुटत नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पुढे शिकवायला लागले तेव्हा मला त्यातला फक्त धूर दिसायला लागला.

वर्गात हरितगृह वायू समजावताना मी मुलांना आपल्याकडच्या ढोबळ्या मिरचीच्या प्लास्टिकच्या शेडची आठवण करून द्यायची. ऊन आत येतं, उष्णता लवकर बाहेर पडत नाही, तसंच काहीसं हे वायू हवेत करतात. मग आपण काय जाळायचं टाळावं असं विचारून मी स्वतःच उत्तर द्यायची, राब. खरं तर फांदीतला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि नव्या पालवीबरोबर पुन्हा घेतला जातो. पेट्रोलमधला मात्र युगानुयुगं जमिनीत गाडलेला होता, तो आपण उकरून वर सोडतो. हा फरक मी परीक्षेत दोन मार्कांना विचारते. स्कूटरला किक मारताना तो मला आठवत नसे.

उन्हाळ्यात मी सायवनला पोचले की पाड्यावरचे लोक एकमेकांना सांगायचे, बाई आली, विड्या विझवा. आई माझ्याशी वाद घालायची नाही. मी पेपर तपासण्यात अडकले असेन तेव्हा ती गुपचूप राब भाजून मोकळी व्हायची आणि मी पोचले की काळ्या राखेकडे पाठ करून मला चहा द्यायची. माझा नवरा रेल्वेत आहे. आमच्या डहाणूच्या घरात, एसीच्या गारव्यात मी राबाविषयी तावातावाने बोलत असले की तो म्हणायचा, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्याला रिमोट मागायची.

मग एका वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला. नुसता शिडकावा नाही, दिवसचे दिवस. आईने फोन केला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. राब भिजला, एवढंच म्हणाली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिली उकळी आनंदाची फुटली. यंदा अख्ख्या पाड्यावर धूर नाही. मी तिला न भाजता पेरण्याचा सल्लाही देऊन टाकला.

फोन ठेवल्यावर मला तिचं बियाणं आठवलं. आईकडे एक जुनं बारीक भात आहे, तिच्या सासूकडून आलेलं. पाड्यावर बाकी सगळे दुकानाचं बी आणतात, हे आता फक्त तिच्याच मडक्यात उरलंय. न भाजलेल्या राबात तण माजून रोपं गुदमरली, तर ते भात संपलंच. मी स्कूटर काढली.

त्या दिवशी उघडीप होती. आईने राबाच्या एका कोपऱ्यावर छपराचं निळं प्लास्टिक टाकून ठेवलं होतं, त्यामुळे तेवढाच भाग जरा सुका होता. ती उकिडवी बसून काडी ओढत होती आणि पाला नुसता फुसफुसत होता. भाऊ वापीला कंपनीत, तो यायचा रविवारी. तोवर आभाळ थांबेल याची खात्री नव्हती. आईने मला विचारलं, कागद आहे का. माझ्या डिकीत होता, उत्तम जाड कागद. प्रदर्शनासाठी मी स्वतः रंगवलेला तक्ता, 'हरितगृह वायू : कारणे आणि उपाय'. त्यात राब भाजणारी एक बाई होती आणि तिच्यावर लाल फुली.

आईला वाचता येत नाही. तिने तक्ता उलगडला, फुलीवरून बोट फिरवलं आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"ही मीच ना?"

हिरवं लुगडं, नाकातली चमकी, सगळं तिचंच होतं. दुसऱ्या कुठल्या बाईला राब भाजताना मी इतकं जवळून पाहिलंच नव्हतं.

"लुगडं बरं काढलंस," ती म्हणाली आणि तक्त्याची सुरळी करून पाल्याखाली सरकवली. "आता फुंक."

मी फुंकणी घेतली. ओल्या पाल्याचा असा पांढरा दाट धूर उठला की तेवढा मी आईच्या राबातून जन्मात पाहिला नव्हता. बांधावरून जाणाऱ्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना. मी डोळे पुसत फुंकत राहिले. तक्ता मात्र झकास पेटला. कोपरा भाजून झाला, बाकीचा राब काही पेटला नाही.

निघताना आईने माझ्या हातात कापडाची पुरचुंडी दिली. त्यात अर्धं बियाणं होतं. पेरायचं सोडून मला का देतेस, मी विचारलं.

"सगळं पेरलं न सगळं गेलं तर? पावसाचा आता भरवसा नाय, बाय. तुजी थंड खोली हाय ना, तिथं ठेव."

तेव्हा मला भीती वाटली. वर्गात इतकी वर्षं तापमानवाढ शिकवताना वाटली नव्हती तेवढी. आईने तिचं बियाणं कधी एका रात्रीसाठीही घराबाहेर ठेवलं नव्हतं.

कोपऱ्यातली रोपं आली, थोडी. पुरचुंडी आमच्या कपाटात डब्यात आहे, एसीच्या अगदी समोर. हल्ली एसी लावला की नवरा माझ्याकडे बघतो. मी सांगते, माझ्यासाठी नाही, आईच्या बियाण्यासाठी. मग बाहेरच्या भिंतीवरचा एसीचा पंखा गरम हवा सोडत फिरायला लागतो, सायवनच्या दिशेला.