दुभाष्याची पदरची ओळ

आमच्या ऑफिसात त्याला सगळे दुभाष्या म्हणतात. हे नाव मी ठेवलं आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

मुलाखतीत साहेबांनी त्याला विचारलं होतं, "तुम्हाला काय काय येतं?" तो म्हणाला, "एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवता येतं." आणि गप्प बसला. साहेब पुढचं ऐकायला थांबले, पण पुढचं काही नव्हतंच. तरी त्याला घेतलं, कारण त्या आठवड्यात दुसरं कोणी फिरकलंच नव्हतं.

ही विद्या त्याने घरी कमावलेली. त्याचे आईवडील एका घरात, एका टेबलावर जेवत, पण अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण कशावरून झालं ते आता त्यांनाही आठवत नाही. आई म्हणायची, "तुझ्या वडिलांना सांग, दूध उतू गेलं." वडील हाताच्या अंतरावर उभे. हा मान वळवून सांगायचा, "बाबा, दूध उतू गेलं." मग बाबा, "तिला सांग, दिसतंय मला." एकदा बाबा म्हणाले, "तिला चहा टाकायला सांग." ह्याला दया आली आणि त्याने आईला सांगितलं, "बाबा म्हणतात, जरा चहा टाकतेस का?" आईने पातेलं खाली ठेवलं. "जरा? ह्या माणसाने जन्मात 'जरा' म्हटलं नाही. खरं सांग, काय म्हणाले?" चहा राहिला बाजूला, त्या 'जरा'वरून तीन दिवस घर पेटलं. तेव्हापासून त्याने पदरचा शब्द घालणं सोडलं. हे सगळं त्याने मला आठ वर्षांत, तीन हप्त्यांत सांगितलं.

मी टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. आमची कंपनी शहराला पाणी सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्राम लिहिते, कुठला पंप कधी सुरू, कधी बंद. त्यातल्या पंप तीनने मला म्हातारी केलं. महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी आला की तो एकदाच्या ऐवजी दोनदा सुरू होतो. नऊ वर्षांत मी ही तक्रार चौदा वेळा नोंदवली. दर वेळी उत्तर एकच, "जुनं काम आहे, हात लावू नका." हे अर्धवट सोडणाऱ्या गाढवाचा मी भर मीटिंगमध्ये उद्धार केलाय. माझी जीभ जरा सैल आहे, मान्य.

आता रेपोचं सांगते. प्रोग्राममध्ये कोणीही काही बदललं की तो बदल एका सर्व्हरवर जमा होतो, सोबत कोणी केला, कधी केला आणि का केला ह्याची एक-दोन ओळींची नोंद. ह्या साठ्याला आम्ही रेपो म्हणतो. आमचा जुना रेपो सतरा वर्षांचा, जिन्याखालच्या खोलीत, झाडूंच्या शेजारी. तो वाचायचा प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बदलले तेव्हा बंद पडला. आजचं काम त्यात टाकता यायचं, पण जुन्या नोंदी दिसायच्या नाहीत. साहेबांनी आता नवी प्रणाली आणली आणि जाहीर केलं की आजची प्रत तेवढी तिकडे न्या, जुना इतिहास कोणाला हवाय? जुन्याचा परवाना शुक्रवारी पाच वाजता संपत होता. पाचनंतर तो कोणाला दाद देणार नव्हता.

इतिहास मला हवा होता. आमचे हे ह्याच ऑफिसात होते, पलीकडच्या टेबलावर. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी बूट घालता घालता गेले. मी इथे लागले ती त्यांच्यानंतर. घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही असा आमचा करार होता, त्यामुळे ह्या माणसाने आठ वर्षं इथे नेमकं काय केलं हे मला धड माहीत नाही. पत्रं कधी लिहिली नाहीत, फोटोत नेहमी डोळे मिटलेले. त्यांच्या हातचं लिहिलेलं जे काही होतं ते त्या झाडूंच्या खोलीत होतं. साहेबांना हे सांगायला गेले आणि सांगितलं भलतंच, काहीतरी ऑडिटचं. साहेब म्हणाले, "बघू." म्हणजे नाही.

दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो कामाला लागला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

नव्या प्रणालीला जुन्या सर्व्हरची भाषा कळत नाही. मधे एक छोटा मदतनीस प्रोग्राम लागतो. नवी प्रणाली त्याला उठवते आणि पहिला प्रश्न विचारते: तुला काय काय येतं? मदतनीस एकेका ओळीत उत्तर देतो, आणून देता येतं, नेऊन देता येतं, आणि शेवटी एक कोरी ओळ सोडतो. कोरी ओळ म्हणजे माझं संपलं. मी हे वाचलं आणि म्हटलं, "अरे, ही तर तुझी मुलाखत!" तो म्हणाला, "हो." तीन आठवडे घरचं-दारचं सांभाळून त्याने तो मदतनीस लिहिला. गुरुवारी तयार झाला.

आता माझा पराक्रम. तो मदतनीस चालायला लागला की पडद्यावर चिटपाखरू नाही. मेलाय की जिवंत, कळायला मार्ग नाही. मी वैतागले. "अरे बाबा, निदान चालू आहे एवढं तरी म्हणू दे की त्याला!" तो म्हणाला, "त्याने मधे बोलायचं नसतं." मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने घातलं: दर दहा हजार नोंदींनंतर एक ओळ, 'ताई, चालू आहे.' आम्ही शंभर नोंदी नेऊन पाहिल्या. मी स्वतः तपासलं आणि म्हटलं, उत्तम.

शंभरांत दहा हजार कुठून येणार, हे पोरालाही कळलं असतं. मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

शुक्रवारी दहाला सुरू केलं. एकोणीस हजार नोंदी, चार तासांचं काम. बाराच्या सुमारास आम्ही जेवायला गेलो, चांगलं पाऊण तास बसलो, मी गोड पण घेतलं. परत आलो तर पडद्यावर नव्या प्रणालीची एकच ओळ: 'ताई, चालू आहे' ही आज्ञा समजली नाही. काम रद्द.

प्रोग्रामला दोन तोंडं असतात. एकाने तो दुसऱ्या प्रोग्रामशी बोलतो, दुसऱ्याने माणसांशी. त्याने माझी ओळ चुकीच्या तोंडातून काढली होती. नव्या प्रणालीला ती आज्ञा वाटली, तिचा अर्थ लागेना, आणि तिने आधीच्या दहा हजारही फेकून दिल्या. अर्धवट काही ठेवत नाही ती.

बारा पन्नास झाले होते. तो स्वतःशीच म्हणाला, "जरा." एवढंच. मी म्हटलं, "चूक माझी आहे. तू लिही, मी तोंड उघडत नाही." हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा उच्चारलं.

पाच मिनिटांत त्याने दुरुस्ती केली. बारा पंचावन्नला पुन्हा सुरू. चार तास धरले तर चार पंचावन्न. आणि ह्या खेपेला, मी न मागता, त्याने मदतनिसाच्या दुसऱ्या तोंडातून प्रत्येक नोंद पडद्यावर सोडली. नाव, तारीख, काय केलं. स्वतःची खुर्ची त्याने मागे घेतली आणि माझी पुढे ढकलली.

नोंदी वर सरकत होत्या, सर्वांत जुन्या आधी. आणि ह्यांचं नाव आलं. 'गळतीचा इशारा उशिरा येत होता, दुरुस्त.' 'कालची दुरुस्ती चुकली होती, माफी.' ह्या माणसाने घरी माझी एकदाही माफी मागितली नाही! 'पंप एक आता शहाण्यासारखा वागतो.' मी हसले, मग रडले. ऑफिसात रडायची मला सवय नाही, त्यामुळे ते नीट जमलं नाही. दुभाष्या छताकडे बघत बसला.

पावणेतीनला ती तारीख आली. ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची, शुक्रवारची. मी पडद्याला नाक लावलं.

'पंप तीन: महिनाअखेरीचं वेळापत्रक अर्धं दुरुस्त केलं. उरलेलं सोमवारी करतो.'

त्याखाली दुसऱ्याचं नाव सुरू झालं. ह्यांचं नाव पुन्हा आलं नाही.

म्हणजे गाढव घरचंच होतं. नऊ वर्षं, चौदा तक्रारी, भर मीटिंगमध्ये. मी दुभाष्याला म्हटलं, "वाचलंस?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "मी काय काय बोलले रे त्यांना." दोन तास आम्ही तसेच बसलो, कारण मधे काही तुटलं असतं तर हेही सगळं फेकलं गेलं असतं. मी श्वासही बेताने घेत होते.

चार चोपन्नला शेवटची नोंद गेली. मदतनिसाने एक कोरी ओळ सोडली. पाच वाजता जिन्याखालचा सर्व्हर बोलायचा थांबला. साहेब डोकावून म्हणाले, "झालं का ऑडिटचं?" आम्ही म्हटलं, झालं.

सोमवारी मी आले तर दुभाष्या आधीच बसला होता. त्याने पंप तीन उघडला होता. ह्यांनी जिथे सोडलं होतं तिथून खाली सहा ओळी त्याने लिहिल्या होत्या. मी खोटं कॅलेंडर लावलं, महिनाअखेर रविवारी आणली. पंप तीन एकदा सुरू झाला आणि गप बसला. मी अकरा वेळा तपासलं, ह्या खेपेला अगदी शेवटपर्यंत.

आता नोंद लिहायची होती. तो म्हणाला, "ताई, काय लिहू ते सांगा."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुझं तू लिही."

दहा मिनिटं तो लिहीत आणि खोडत राहिला. मग लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. 'पंप तीन: उरलेलं केलं. सोमवारीच.'

मी टेस्टर आहे. मी त्या ओळीत बराच वेळ चूक शोधली.