कल्याणहून होडीने वाघ पाहायला

लग्नाला वर्ष होत आले, तरी यमुनेला मी कल्याणबाहेर काहीच दाखवले नव्हते. ठाण्याअलीकडे खाडीकाठी एका शेटजींनी जनावरांची बाग केली आहे आणि तीत वाघ आहे, असे ऐकले. वडिलांनी परवानगी दिली ती दोन अटींवर: सोबत आत्या हवी आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे.

"उशीर झाला, तर पुन्हा कुठे न्यायचं नाव काढू नकोस."

जाणाऱ्यांनी होडीनेच जावे. आगगाडीने गेल्यास पुढे पायी फार चालावे लागते. छत्री व पिण्याचे पाणी घ्यावे. दशमीला सकाळी ओहोटी लागताच पास्कू नाखव्याने होडी सोडली.

बागेत एक हरीण, पिसे झडलेला मोर आणि पिंजऱ्यात वाघ, तोही भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

"दूधभात खाल्ला की असाच पडतो," राखणदार म्हणाला.

यमुना वडीलधाऱ्यांसमोर माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, त्यांना विचारा, हा वाघ आहे की वाघाचं कातडं? आमच्या खडवलीला गोठ्यामागे बिबट्या येतो, तो निदान उभा तरी असतो."

"अरे, ही विचारतेय—"

"ऐकलं," मी म्हणालो.

अर्धा तास थांबलो. वाघाने एकदा कान हलवला.

परतीची वेळ मी कागदावर काढून आणली होती. मुंबईच्या एका कारकून मित्राने शिकवले आहे: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. दशमीला साडेसात; पुढे सहा तास ओहोटी, म्हणजे दीडला पाणी पुन्हा चढू लागणार. बरोबर दीडला सर्वांना होडीत बसवले. होडी चिखलात होती.

"हिशेब बरोबर हाय, दादा," पास्कू म्हणाला, "पन तो मुंबईचा. पानी तिथनं इथवर यायला येळ लागतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं कुठं? लिवून आनलं होतं ना."

चार वाजेपर्यंत बसलो. भोवती चिखलावर निवट्या मासे टुणटुण उड्या मारत होते. यमुना पोट धरून हसली. "आत्याबाई, त्यांना सांगा, ही जनावरं जागी आहेत."

घरी पोचलो तेव्हा दिवे केव्हाच लागले होते. वडील ओट्यावर उभे. मी तोंड उघडण्याआधी आत्या, त्यांची थोरली बहीण, पुढे झाली.

"बघतोस काय? वाघ समोर उभा राहिल्यावर हलायची कुणाची छाती होते रे?"

वडिलांनी इकडेतिकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "केवढा होता?"

दाराआडून यमुना म्हणाली, "ओट्याएवढा, मामंजी."

"पुढच्या दशमीला मीही येतो."

तेव्हापासून मी रोज बंदरावर जाऊन पाण्याची वेळ टिपतो. भरतीत आता चूक होणार नाही. झोपलेल्या वाघाला उभे कसे करावे, हे मात्र कोणा वाचकास ठाऊक असल्यास दशमीपूर्वी कळवावे.