अप्पांच्या चरित्रासाठी इंग्रजी: लातूर, नांदेड, मुदखेड

एप्रिलमध्ये लातूरला निघाले तेव्हा ओळखीच्या तिघांनी वेगवेगळे फोन करून एकच सांगितलं. जाऊ नकोस, पाणी नाही. मी गेले, कारण शिवकांताताईंची मुलाखत दहा दिवसांवर आली होती.

शिवकांताताई लातूरच्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील मन्मथअप्पा यांचं उदगीरला किराणा दुकान होतं, आणि ते बंदिशी बांधत. म्हणजे रागदारीत गायची छोटी पदं, शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची. अप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली. मागे सव्वीस कॅसेट राहिल्या. परदेशातलं एक संगीत-संग्रहालय त्या जपायला घेणार होतं. अट अशी की घरच्या कुणीतरी रचनाकाराचं आयुष्य अर्धा तास इंग्रजीतून सांगायचं. मी पुण्यात इंग्रजी शिकवते. एका मैत्रिणीने माझं नाव सुचवलं.

पुण्याहून सकाळची एसटी पकडा. टेंभुर्णी, बार्शी, मुरूड असा रस्ता आहे. नऊ तास धरून चाला. बार्शीपर्यंत चहा बरा मिळतो. पुढे दोन ठिकाणी हॉटेलवाल्याने गाडी थांबायच्या आतच हात हलवून नाही म्हटलं. पाण्याचे दोन कॅन घरून भरून न्या. मी एकच नेला होता.

लॉजवर दिवसाला एक बादली. खोलीचं भाडं नेहमीचंच, सहाशे. मॅनेजर किल्ली देताना म्हणाला, दुसरी बादली मागू नका मॅडम, मला न्हाई म्हणायला लाज वाटते. जेवण गंजगोलाईत घेतलं. निलंगा राइस, म्हणजे इकडचा मसालेदार भात, पत्रावळीवर, कारण ताटं धुणं बंद झालं होतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे येत होती. लोक स्टेशनकडे ती बघायला जात. मी गेले नाही.

ताईंचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. कॅसेट पलंगाखालच्या पेटीत होत्या. त्या वर्षीच्या उन्हाने दोन कॅसेटमधली फीत आखडून तुटली होती. ताई म्हणाल्या, पुढचा उन्हाळा बाकीच्या काढणार नाहीत. त्यांना इंग्रजी का हवं होतं ते एवढंच.

संग्रहालयाने शब्दांची यादी पाठवली होती. प्रॉडिजी, पेट्रन, प्रीमियर, लेगसी. युरोपातल्या मोठ्या संगीतकारांच्या चरित्रांतून उचललेले शब्द. मी अर्थ सांगे आणि ताई अप्पांच्या आयुष्यात त्यासाठी जागा शोधत. प्रॉडिजी म्हणजे लहानपणीच थक्क करणारा. ताई म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षांचे होईस्तोवर घरात कुणी आवाज काढू दिला न्हाई. मग माल आणायच्या निमित्ताने ते दर पंधरा दिवसांनी रेल्वेने हैदराबादला जाऊ लागले आणि तिथल्या एका उस्तादांकडे शिकू लागले. आठ वर्षं असं चाललं. पेट्रन म्हणजे आश्रयदाता. ताईंनी विचार केला. माझी आई, म्हणाल्या. ती दुकानात बसायची म्हणून तर. प्रीमियर म्हणजे रचनेचं पहिलं जाहीर गायन.

"लिहा," ताई म्हणाल्या. "दुकानात. गिऱ्हाईक नसताना."

जन्मस्थळाच्या रकान्यात जिल्हा विचारला होता. अप्पा जन्मले तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. मग उस्मानाबादेत आलं, मग लातूरमध्ये. आता उदगीरचाच नवा जिल्हा होणार म्हणतात. आम्ही जिल्हा कोरा ठेवला.

तीन दिवसांत ताईंची वाक्यं बसली. माझ्या वडिलांनी सत्तरच्या वर बंदिशी बांधल्या, हे वाक्य त्या इंग्रजीतून न अडखळता म्हणत. म्हणताना उभ्या राहत, वर्गात राहत तशा.

चौथ्या दिवशी सकाळी संग्रहालयाचं पत्र आलं. बंदिशीच्या शेवटच्या ओळीत बांधणाऱ्याची छाप असते, त्याने गाण्यापुरतं घेतलेलं नाव. आम्ही आधी पाठवलेल्या नमुन्याच्या सगळ्या बंदिशींत छाप होती करमपिया. करमपिया म्हणजे अप्पांचे उस्ताद. संग्रहालयाने सभ्यपणे विचारलं होतं की या रचना तुमच्या वडिलांच्या कशा? घरच्यांचा शब्द पुरणार नाही, बाहेरचा एक साक्षीदार द्या.

ताईंना याचं नवल वाटलं नाही. उस्ताद गेले तेव्हा ताई तीन वर्षांच्या होत्या. अप्पा बंदिशी बांधू लागले ते त्यानंतर, आणि सगळ्या उस्तादांच्या नावाने. ताईंनी त्या तराजूपलीकडे बसून तयार होताना ऐकल्या होत्या. बाहेरचा माणूस एकच उरला होता. खाजाभाई, अप्पांचे गुरुबंधू, रेल्वेतून निवृत्त, मुदखेडला राहतात. वय शहाऐंशी. आम्ही दोघी त्यांच्याकडे निघालो.

लातूर ते नांदेड एसटीने चार तास लागतात. अष्टामोड, चाकूर, अहमदपूर, लोहा. डावीकडची खिडकी दुपारी घेऊ नका. चाकूरला दोघं चढले आणि नव्या जिल्ह्यावर बोलू लागले. कलेक्टर कचेरी उदगीरला झाली की चकरा वाचतील, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याने रिकामी घागर मांडीवर घेतली होती. "पाण्याच्या जागी जिल्हा देऊन राहिले न बाप्पा," तो म्हणाला. "त्याच्यावर झाकण तेवढं ठेवा, सांडल." पुढच्या सीटवरच्या बाया हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्या ओठांत वाक्यं म्हणत होत्या.

नांदेडला पुलाखाली गोदावरी डबक्याडबक्यांनी पडून होती. स्टेशनजवळ मुक्काम केला. सकाळी सुशीला खाल्ली, मुरमुऱ्यांची, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. त्या सबंध प्रवासात चवीने खाल्लेली ती एकच गोष्ट. मुदखेडची पॅसेंजर अर्ध्या तासाची आहे. तिकीट नाममात्र, गर्दी नाही.

खाजाभाई दारातल्या बाजेवर बसले होते. ताईंना बघून त्यांनी डोक्यावर हात ठेवला, ताईंच्या आईची चौकशी केली, मग ती गेल्याचं आठवून बाजेवर सरकून त्यांना जागा केली. सून चहा घेऊन आली. बशीत ओतण्यापुरताच होता.

ताईंनी बरोबर आणलेल्या टेपवर कॅसेट लावली. अप्पांचा आवाज आला, थोडा घोगरा. खाजाभाईंनी डोळे मिटले आणि दुसऱ्या ओळीपासून बरोबर म्हणू लागले. चार बंदिशी झाल्या. एकीत त्यांनी अप्पांच्या आधी सम गाठली आणि मिटल्या डोळ्यांनी हसले. मला वाटलं, काम झालं. मी पिशवीतून कागद काढला. त्यावर मी इंग्रजीत आणि खाली उर्दूत लिहवून आणलं होतं की या रचना मन्मथअप्पांच्या आहेत हे मला ठाऊक आहे. फक्त सही हवी होती.

त्यांनी तो वाचला. दोनदा. मग घडी घालून परत दिला.

"ये सब उस्ताद के हैं, बेटी."

ताई म्हणाल्या की उस्ताद गेल्यावर या झाल्या, मी स्वतः ऐकल्या. खाजाभाई म्हणाले, मी कुठे नाही म्हणतो. त्यांनी सावकाश सांगितलं. उस्ताद गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला हे दोघे हैदराबादला गेले. उस्तादांना मूलबाळ नव्हतं. नाव संपणार होतं. कबरीपाशी दोघांनी ठरवलं की यापुढे जे बांधू ते त्यांच्या नावाने, आणि कुणाचं काय ते कुणाला सांगायचं नाही. अप्पांनीच सुचवलं होतं. वचन उस्तादांना नव्हतं, ते तर गेलेच होते. वचन एकमेकांना होतं.

"उसमें मेरे भी हैं," ते म्हणाले.

ताईंनी टेपमधली कॅसेट काढून हातात घेतली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. अप्पा मुदखेडहून परत येत तेव्हा नवं काही गुणगुणत येत, एवढं त्यांना आठवत होतं.

"कोणत्या, चाचा?"

"नक्को पूछ."

"तुम्ही गेल्यावर सांगणारं कुणी ऱ्हाणार न्हाई."

"हाव," खाजाभाई म्हणाले. "वोइच तो."

त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. ते थकले होते. सुनेने त्यांना आत नेलं. आम्ही दुपारची पॅसेंजर गाठली. परतीच्या वाटेवर ताईंनी वाक्यं म्हटली नाहीत. लोह्याला मी उसाचा रस आणला, तोही त्यांनी घेतला नाही.

मुलाखत ताईंच्या भाच्याच्या शिकवणी वर्गातून झाली. तिथलं इंटरनेट चांगलं. पाणी नसल्यामुळे मुलांना घरी धाडलं होतं आणि शंभर बाकांच्या खोलीत आम्ही दोघी. पडद्यावरच्या बाई प्रेमळ होत्या. पहिला प्रश्न आम्ही वीस वेळा घोकलेला. तुमचे वडील रचना कधी करू लागले?

ताई उभ्या राहिल्या. हात टेबलावर टेकले. मग इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, माझे वडील विद्यार्थी होते.

आणि नंतर? बाईंनी विचारलं.

नंतरही, ताई म्हणाल्या.

अर्ध्या तासाची मुलाखत अकरा मिनिटांत संपली. यादीतला एकही शब्द लागला नाही. मी नंतर विचारलं, निदान निम्म्या तरी अप्पांच्या म्हणता आल्या असत्या. त्या म्हणाल्या, कोणत्या निम्म्या?

दोन दिवसांनी उत्तर आलं. अप्पांच्या नावाने कॅसेट घेता येणार नाहीत. उस्तादांच्या नावाने घेऊ, हरकत नसेल तर. ताई पत्र ऐकून उठल्या, पेटी ओढून फडक्याने पुसली, म्हणाल्या, भरा. फॉर्म मीच भरला, मोठ्या अक्षरांत. रचनाकार या रकान्यात उस्तादांचं नाव. गायक या रकान्यात अप्पांचं. उन्हाने तुटलेल्या दोन घेतल्या नाहीत, चोवीस गेल्या.

मी पुण्याला परतले. आल्या आल्या नळ सोडला, पाणी आलं, आणि मला कसलाही आनंद झाला नाही. लातूरला कधी जावं असं या सदराचे वाचक विचारतात. ऑक्टोबरनंतर जा. रस्ते चांगले आहेत, माणसं जेवू घालतात. मला त्या वाटेवर पुन्हा जायचं नाही.

दिवाळीनंतर संग्रहालयाचं पान उघडलं. करमपिया, हैदराबाद. सुरेख लिहिलं होतं. उस्तादांच्या उत्तरायुष्यातल्या रचना सर्वांत धीट आहेत, म्हातारपणी त्यांनी जुनी चौकट मोडली, मृत्यू जवळ आल्याची शांतता या बंदिशींत ऐकू येते. उस्ताद कधी गेले याची नोंद त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी मृत्यूचं साल शेवटच्या कॅसेटवरच्या तारखेवरून काढलं होतं. अप्पांच्या नावापुढे एवढंच की गायक, एक शिष्य.

मी ताईंना फोन करून सगळं मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. शेवटी विचारलं, त्यांच्या हिशेबाने उस्ताद केवढ्याचे होऊन गेले? ते खरे एक्काहत्तराव्या वर्षी गेले होते. मी मोजून सांगितलं, ब्याण्णव.

मी विचारलं, चूक कळवू का?

"मग इचारतील, ह्या बांधल्या कुणी." ताई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या मॅडम. लई जगले म्हणू."